चोरलच्या वाटेवर नाला आडवा आला तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या हिवाळ्यात आपण पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ सांगाडा असलेली माउंटन बाइक घेतली आणि उन्हाळाभर इंदूरच्या दक्षिणेला सिमरोलच्या पुढे चोरलच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर ती चालवली. जुलैत मित्रांनी सांगितले की पाण्यात वेगाने घुसले की सायकल आपोआप पार होते. त्याप्रमाणे आपण घुसलात, मध्यावर पुढचे चाक अडकले, आपण हँडलवरून पाण्यात पडलात, गुडघा फुटला आणि तेव्हापासून मागच्या चाकातून करकर आवाज येतो. पाणी किती खोल असेपर्यंत सायकल घालावी, वेग किती असावा आणि याहून महाग सायकल घेतल्यास हे टळेल का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे: टळणार नाही. आपण वर्णन केलेली सायकल आपल्या भागातल्या वाटांना पुरेशी आहे. नाल्यात जे घडते त्यातले बहुतेक सायकल पाण्यात जाण्यापूर्वी, काठावर उभे असतानाच ठरलेले असते, आणि आपल्या वर्णनात काठावर थांबल्याचा उल्लेख कुठेच नाही.

इंदूरच्या आसपास सायकल चालवणाऱ्याने एक गोष्ट प्रथम समजून घ्यावी, ती म्हणजे आपले शहर माळव्याच्या पठारावर असले तरी पठाराची कड दक्षिणेला फार दूर नाही. कडेच्या अलीकडचे नाले उत्तरेकडे, क्षिप्रा, गंभीर आणि चंबळ यांच्याकडे जातात. कडेच्या पलीकडचे विंध्याच्या खोहांमधून, म्हणजे खोल दऱ्यांमधून, खाली उतरून चोरलसारख्या नद्यांवाटे नर्मदेला मिळतात. जानापावच्या डोंगरावरून साडेसात नद्या निघतात असे लोक सांगतात. तो हिशेब कसाही असो, त्या माथ्यावर उभे राहिले की पाण्याच्या दोन दिशा समजतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने हे दोन वेगळ्या जातींचे नाले आहेत, आणि एकावर शिकलेली युक्ती दुसऱ्यावर अंगाशी येते.

पठारावरचा नाला संथ असतो. त्याचे पाणी घोटाभर असले तरी तळाशी काळी माती असते, काठ उभे आणि निसरडे असतात, आणि सायकल अडते ती पाण्यात नव्हे तर बाहेर पडताना. त्या चढावर मागचे चाक गरगर फिरते, पाय टेकावा तर पाऊल पोटरीपर्यंत रुतते. अशा ठिकाणी सायकल चालवत नेण्याचा हट्ट मी केव्हाच सोडला आहे. उतरून, सायकल खांद्यावर घेऊन जावे. कडेपलीकडच्या नाल्याची गोष्ट उलटी आहे. तिथे तळ खडकाचा, म्हणजे काळ्या बसाल्टच्या पाट्यांचा आणि गोट्यांचा असतो, पाणी बहुधा नितळ असते, बाहेर पडणे सोपे असते. परंतु प्रवाहाला उतार असल्यामुळे ओढ असते आणि दगडांवर शेवाळ असते. आपण पडलात तो नाला, आपल्या वर्णनावरून, या दुसऱ्या जातीचा दिसतो.

अशा नाल्याच्या काठी आल्यावर सायकल आडवी ठेवावी आणि प्रवाहाच्या वरच्या व खालच्या बाजूला पन्नास-पन्नास पावले चालून यावे. नाला जिथे अरुंद असतो तिथे तो ओलांडण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण तेवढेच पाणी कमी रुंदीतून जायचे म्हटल्यावर ते तिथे खोल आणि वेगवान असणार. जिथे पात्र पसरते, पाणी खळखळ आवाज करते आणि पृष्ठभागावर बारीक, सारख्या लाटा दिसतात, तिथे तळ उथळ आणि बहुधा लहान खडीचा असतो. जिथे पाणी गुळगुळीत, गडद आणि आवाजाविना वाहते तिथे डोह असतो. खळखळणाऱ्या पाण्याला लोक भितात आणि शांत पाण्यात सायकल घालतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही.

ही निवड मला कोणा प्रशिक्षकाने शिकवली नाही. कालाकुंडच्या बाजूला एका नाल्यावर मी एकदा पावसाळ्यात थांबलो होतो. समोरून एक दूधवाला आला, साध्या काळ्या सायकलीवर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. वाट सरळ पाण्यात उतरत होती, पण तो वाटेने उतरला नाही. काठाकाठाने वीस-पंचवीस पावले खाली गेला, तिथे उतरला, हँडल एका हातात आणि सीट दुसऱ्या हातात धरून प्रवाहाच्या दिशेने थोडा तिरका चालत पलीकडे गेला, कॅनच्या बुडाला पाणी लागले नाही. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, इथून बैलगाडी जाते. बैल आणि चाक या दोघांनाही टणक तळ लागतो, म्हणून जुना गाडीचा उतार जिथे दिसतो तो बहुधा पिढ्यांनी पारखलेला असतो. मात्र गाडीचा उतार आणि म्हशींचा उतार यांत घोळ करू नये. म्हशी डुंबायला जिथे उतरतात तिथे तळ खुरांनी कालवलेला असतो आणि चाक आसापर्यंत बसते.

आता खोलीविषयी. २९ इंची चाक असलेल्या सायकलीचा आस जमिनीपासून सुमारे ३६ ते ३७ सेंटिमीटर उंचीवर असतो. २६ इंची सायकलीत तो तीन-चार सेंटिमीटर खाली. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्याभोवती फिरतो तो बॉटम ब्रॅकेट साधारण ३१ ते ३३ सेंटिमीटरवर, आणि क्रँकची लांबी १७० किंवा १७५ मिलिमीटर असल्यामुळे पायडल सर्वांत खाली असताना जमिनीपासून १४-१५ सेंटिमीटरवर येते. याचा अर्थ, पाणी वीतभरापेक्षा थोडे कमी असतानाच प्रत्येक फेरीत आपला पाय पाण्यात बुडू लागतो आणि पाण्याचा रोध पायाला जाणवू लागतो. पाणी बॉटम ब्रॅकेटपर्यंत आले की पायडल मारणे ही निव्वळ झटापट होते आणि तिन्ही मुख्य बेअरिंगे पाण्याच्या कक्षेत येतात. माझी स्वतःची मर्यादा स्थिर पाण्यात अर्ध्या नळीएवढी आणि वाहत्या पाण्यात घोट्यापेक्षा चार बोटे वर, एवढीच आहे. त्यापुढे मी पायी जातो, आणि वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरतो.

खोलीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, ओढ महत्त्वाची असते, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. वेग मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. एक वाळकी काडी पाण्यात टाकावी आणि काठाने तिच्याबरोबर चालावे. रमतगमत चालून आपण तिच्या बरोबरीने राहिलात तर ठीक. झपझप चालावे लागत असेल तर पाणी पोटरीच्या मध्याच्या वर असताना त्यात उतरू नये. आणि काडी आपल्याला मागे टाकत असेल तर घोटाभर पाण्यातही सायकलवर बसू नये.

इथे रपट्याविषयी सांगितलेच पाहिजे, कारण नवशिके त्यालाच सुरक्षित समजतात. नाल्यावर टाकलेल्या काँक्रीटच्या त्या बुटक्या पट्टीवरून पाणी वाहत असेल तर ती खडकाळ पात्रापेक्षा धोक्याची असते. काँक्रीटवर शेवाळाचा पातळ थर असतो, त्यावर टायरच्या गुट्ट्यांना रुतायला काही सापडत नाही, गढूळ पाण्यात रपट्याची कड दिसत नाही, आणि कडेच्या खालच्या बाजूला वरून पडणाऱ्या पाण्याने खणलेला डोह असतो. उघड्या नाल्यात घसरलात तर दोन हातांवर दगड लागतो. रपट्यावरून घसरलात तर सरळ त्या डोहात जाता. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी स्वतः मानपूरच्या बाजूला एका रपट्यावरून, तळव्याएवढ्या पाण्यातून, निश्चिंतपणे चाललो होतो. मागचे चाक घसरले हे मला कळले तेव्हा मी आडवा झालो होतो आणि कडेच्या एका उघड्या सळईला हातमोजा अडकला म्हणून थांबलो. तो हातमोजा मी बरीच वर्षे टाकला नाही.

काही मंडळी पाणी टाळण्यासाठी पातालपाणी ते कालाकुंड या जुन्या रेल्वेमार्गाच्या पुलांवरून सायकल ढकलत नेतात. होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून १८७० च्या दशकात बांधलेल्या मार्गाचा तो तुकडा असून डिसेंबर २०१८ पासून त्यावर पर्यटकांची हेरिटेज गाडी धावते. पुलावर गाडी आली तर बाजूला सरकायला जागा नसते. हा पर्याय विचारातच घेऊ नये.

समजा जागा चांगली सापडली, पाणी उथळ आहे आणि ओढ कमी आहे. तरीही प्रथम पायी जाऊन यावे. बूट ओले होतात ही तक्रार मला मान्य नाही. ते तसेही ओले होणारच आहेत. जाताना आपल्या मार्गावरचे मोठे, सुटे गोटे पायाने चाचपावेत, आणि पलीकडच्या काठावरची एक खूण, झाडाचे मूळ किंवा पांढरा दगड, डोळ्यांत धरून ठेवावी. परत येऊन सायकलवर बसावे, आणि गियर काठावरच हलका करून घ्यावा, कारण पाण्यात ताण असताना गियर बदलला तर चेन उडी मारते. सर्वांत हलका गियरही नको. त्यात पाय भराभर फिरतात पण चाकाला जोर मिळत नाही. सपाट मुरमावर हलका चढ ज्या गियरने चढतो तो बहुधा योग्य असतो.

वेग माणूस हळू धावतो तेवढा, म्हणजे ताशी ८ ते १० किलोमीटर असावा. आपल्या मित्रांच्या सल्ल्यातली चूक इथे आहे. वेगात पाण्यात शिरल्यावर पुढच्या चाकाला एकदम रोध होतो, आपले शरीर मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते, सगळे वजन हँडलवर येते, सस्पेन्शन दबते, आणि त्याच क्षणी चाकासमोर एखादा गोटा आला तर ते त्यावर चढण्याऐवजी त्याला अडकते. त्यातच उडालेल्या पाण्याने समोरचे दिसत नाही. आपल्या बाबतीत हेच घडले असावे. पाण्यात शिरण्याच्या क्षणी सीटवरून किंचित उठून कंबर मागे न्यावी, कोपर सैल ठेवावेत, पुढचे चाक हलके राहू द्यावे. ते शिरले की पुन्हा मधोमध येऊन सारख्या दाबाने पायडल मारत राहावे. नजर त्या खुणेवर असावी. चाकाकडे पाहिले की सायकल आपण जिथे पाहतो तिथेच, म्हणजे त्या दगडावरच, जाते.

ब्रेक पाण्यात लावू नये, आणि हँडल झटक्याने वळवू नये. मार्ग बदलायचा झाल्यास कंबरेने सायकल कलती करावी. मोठे गोटे असतील तर पायडल पूर्ण फिरवण्याऐवजी अर्धी फेरी पुढे, मग थोडी मागे, पुन्हा पुढे, असे करावे, म्हणजे पायडल खाली येऊन दगडावर आपटत नाही. ही एक क्रिया कोरड्या मैदानावर आठवडाभर रोज दहा मिनिटे केली तर नाल्यात तिचा विचार करावा लागत नाही. बूट पायडलमध्ये अडकवणारी क्लिप असेल तर त्या दिवशी साधी पायडले लावावीत.

टायरची हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय कमी ठेवल्यास ओल्या दगडावर पकड वाढते, परंतु आत ट्यूब असेल तर त्याहून खाली जाऊ नये. पाण्याखालचा दगड दिसत नाही, चाक त्यावर आदळते, ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबलेस टायर असलेल्यांना हा त्रास कमी.

पायी ओलांडताना सायकल आपल्या खालच्या बाजूला, म्हणजे प्रवाह जिकडे जातो तिकडे धरावी, म्हणजे प्रवाहाने ती ढकलली तरी आपल्या पायांवर येत नाही. पाठीवरच्या पिशवीचा छातीवरचा पट्टा सोडलेला असावा. वाहत्या पाण्यात पडलातच, तर सायकल सोडून द्यावी. तिला धरून ठेवण्याच्या नादात माणूस तिच्याखाली जातो. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत, आणि पाणी उथळ होईपर्यंत उभे राहण्याची घाई करू नये, कारण दोन दगडांच्या फटीत पाय अडकला तर प्रवाह शरीर पुढे दाबतो. गटाने जात असाल तर एका वेळी एकानेच ओलांडावे आणि एकाने थोडे खाली काठावर उभे राहावे. मोबाइलवर चित्रीकरण करणारा तोच असू नये.

हे सर्व असले तरी आपल्या भागात जिवावर बेतते ते खोली किंवा शेवाळ यांपेक्षा वेळेमुळे. कडेवरच्या नाल्यांची पाणलोट क्षेत्रे लहान, उतार तीव्र, जमीन खडकाळ. पाऊस जिरत नाही, धावतो. आपण उन्हात उभे असतो आणि वर महूच्या बाजूला तासापूर्वी पडलेला पाऊस त्या क्षणी आपल्याकडे येत असतो. जुलै २०११ मध्ये पातालपाणीच्या धबधब्यावर पाण्यात उभी असलेली माणसे अशाच अचानक वाढलेल्या लोंढ्यात इतरांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली, हे इंदूरकरांना सांगायला नको. नितळ पाणी बघता बघता चहाच्या रंगाचे होणे, वाळकी पाने आणि काटक्या एकदम वाहत येणे, पाण्याचा आवाज जड होणे, यांपैकी एकही खूण दिसली की पाण्यातून बाहेर यावे. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते: सकाळी ओलांडलेला नाला परतीच्या वाटेवरही असतो. म्हणून मी जाताना काठावरच्या एका दगडाशी पाण्याची पातळी पाहून ठेवतो आणि पाणी वाढल्यास कोणत्या डांबरी रस्त्याने परतायचे ते आधी ठरवतो. ढग काळे झाले असतील तर मी खोहात उतरतच नाही.

काळ्या मातीच्या वाटांवर पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस सायकल नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती माती पाण्याने फुगते, टायरला थरावर थर चिकटते, आणि पुढच्या चिमट्यात इतकी गच्च बसते की चाक फिरायचे थांबते. काडीने कोरून काढावी तर दहा पावलांवर पुन्हा तेच. सायकलीचे हाल होतात ते होतातच, पण ओल्या वाटेवर पडलेला चर पुढच्या पावसात पाण्याचा पाट होतो आणि ती वाट ज्या शेतकऱ्याची आहे त्याची बैलगाडी अडते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना सोयाबीन उभे असते. नाल्याला वळसा घालण्यासाठी त्यातून सायकल नेणे हे सरळ नुकसान आहे. वनविभागाच्या हद्दीत शिरताना चौकीवर विचारावे, आणि महूच्या आसपास लष्कराच्या गोळीबार क्षेत्रांचे फलक दिसले की तिथूनच मागे फिरावे.

आता आपल्या मागच्या चाकातला आवाज. हबमध्ये, म्हणजे आसाभोवतीच्या चाकाच्या मधल्या भागात, पाणी आणि बारीक रेती गेली असावी, आणि तसेच चालवत राहिलात तर पुढचा खर्च हबचा असेल. आपल्या सायकलीत सीलबंद बेअरिंगऐवजी सुटे छर्रे असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असेल तर चाक काढून वर्तमानपत्रावर ठेवावे, पातळ पान्यांनी लॉकनट आणि कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट, सोडवावा. मागच्या हबमध्ये बहुधा पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला नऊ, असतात. मोजून वाटीत घ्यावेत. ग्रीस दुधाळ, साबणाच्या फेसासारखे दिसले तर पाणी गेल्याची खात्री समजावी. छर्रे आणि ते ज्यांत बसतात ते कप रॉकेलने धुऊन, कोरडे करून, कोनाचा घासला जाणारा भाग नखाने चाचपावा. नखाला खड्डा लागला तर कोन बदलावा, तो महाग नसतो. नवीन ग्रीस भरपूर भरावे, छर्रे नवेच घालावेत, आणि कोन असा आवळावा की चाक सायकलीबाहेर असताना आसाला केसभर हालचाल राहील. चाक सांगाड्यात धरणारा क्विक रिलीजचा दांडा आवळला की ती हालचाल जाते. हे काम शहरातल्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला येते, पण ते आपल्यासमोर करून घ्यावे. माझी एक सायकल एका दुकानातून ‘सर्व्हिस’ होऊन आली तेव्हा हब बाहेरून चकचकीत पुसलेला आणि आत तेच दुधाळ ग्रीस होते.

यापुढे प्रत्येक नाल्यानंतर ब्रेक हलकेच चार-पाच वेळा दाबून सुकवावेत. घरी आल्यावर सायकल पाइपच्या जोरदार धारेने धुऊ नये, ती धार नाल्याने सोडलेली रेती बेअरिंगमध्ये ढकलते. बादली आणि फडके पुरे. सीटचा दांडा काढून सायकल उलटी करावी, सांगाड्यात शिरलेले पाणी तिथून निघते आणि पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल. चेन पुसून तेल घालावे. बॅटरीच्या सायकली असलेल्या मित्रांना सांगावे की त्यांच्या मोटरला शिंतोडे सोसतात, बुडणे सोसेलच असे नाही. आणि गुडघ्याची जखम पूर्ण भरेपर्यंत पाण्यात उतरू नये. गुरांच्या आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून उघड्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि वाटेवरच्या प्रत्येक नाल्यात गुरे उतरतात.

शिकण्याचा काळ जुलै नव्हे. पाऊस ओसरल्यावर, नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत नाले वाहते असतात, पाणी नितळ असते, तळाचा प्रत्येक गोटा दिसतो आणि वाटा टणक झालेल्या असतात. त्या दिवसांत एखाद्या सकाळी आपण त्याच नाल्यावर जावे, सायकल काठावर ठेवून पात्रात उतरावे आणि ज्या दगडाने चाक अडवले तो शोधावा. तो बहुधा आपण समजता त्याहून लहान असेल, आणि त्याच्या खालच्या बाजूला वीस-पंचवीस पावलांवर पात्र पसरलेले दिसेल.